तारेचा हिशेब

मागच्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये चौदा माणसं, दोन ताटं चकली-चिवडा आणि छताला टांगलेला नवाकोरा ४के प्रोजेक्टर अशी जय्यत तयारी होती. सिनेमा सुरू झाला आणि सातव्या मिनिटाला पडदा काळा पडला. चार सेकंदांनी चित्र आलं, पुन्हा गेलं. मध्येच पडद्यावर पांढरे ठिपके चमकू लागले. "फुलबाज्या आतच लावल्यात की," मेव्हणा म्हणाला.

प्लेयर फुल-एचडीवर आणला, तेव्हा कुठे सिनेमा पुरा झाला आणि खरा दोषीही सापडला. प्रोजेक्टर ठणठणीत होता. भिंतीच्या पोटात आठ वर्षं पडून असलेल्या दहा मीटरच्या एचडीएमआय केबलला नवं ओझं पेलत नव्हतं. बदलायची म्हटली तर वायरमनने पाइपात बोट घालून बघितलं आणि मान हलवली. "साहेब, पाऊण इंची पाइप, त्यात कोपऱ्यावर एल्बो. ही ओढून निघायची नाही. पीओपी फोडावं लागेल."

तेव्हापासून केबल घेताना मी किंमत शेवटी विचारतो. आधी दोनच प्रश्न: किती लांब जायचंय आणि किती ओझं न्यायचंय? केबल चित्रात रंग भरत नाही की आवाजात गोडवा घालत नाही. तिच्याकडून वाटेत जेवढं कमी सांडेल, तेवढी ती चांगली. कुठे काय सांडतं हे कळलं की पैसा कुठे सोडायचा आणि हात कुठे आखडायचा, हे आपोआप ठरतं.

तोंड एक, जाती अनेक

पूर्वी टीव्हीच्या पाठीमागे तीन रंगांच्या आरसीए वायरी लोंबत असत. पिवळीतून चित्र, पांढरीतून डावा आवाज, लालमधून उजवा. डिसेंबर २००२मध्ये हिताची, पॅनासॉनिक, फिलिप्स, सोनी, तोशिबा, थॉमसन आणि सिलिकॉन इमेज या सात कंपन्यांनी एचडीएमआयचं पहिलं प्रमाण जाहीर केलं आणि चित्र-आवाज १९ पिनांच्या एकाच तोंडात आले. तोंड आजही तेच आहे, ओझं मात्र वाढत गेलं. फुल-एचडीला सेकंदाला साडेचार गिगाबिट पुरतात. तेच चित्र ४के झालं आणि सेकंदाला ६० वेळा बदलू लागलं, की मागणी १८ गिगाबिटच्या घरात जाते.

दुकानात आपण "२.१ची केबल द्या" म्हणतो. २.१ हा यंत्रांनी पाळायच्या प्रमाणाचा आकडा. केबलची जात वेगळ्या नावाने ओळखायची. 'हाय स्पीड' १०.२ गिगाबिटची, 'प्रीमियम हाय स्पीड' १८ची आणि 'अल्ट्रा हाय स्पीड' ४८ची. वरच्या दोन्ही जातींच्या खोक्यावर मोबाइलने तपासता येणारं लेबल असतं. माझी भिंतीतली होती साधी हाय स्पीड. फुल-एचडीला तिने कधी कुरकुर केली नाही, ४केला मात्र तिची दमछाक झाली.

यातून धावतात ते आकडे. ते नीट पोचले, तर हजाराची केबल आणि दहा हजारांची केबल यांच्या चित्रात तसूभर फरक नसतो. नाही पोचले, तर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. "या केबलने काळा रंग अधिक गडद दिसतो" असं कुणी म्हटलं, तर हसून पुढच्या दुकानात जावं. सोन्याचा मुलामा गंजत नाही, त्यामुळे मुंबई-कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत तो कामाचा. पण तो स्वस्त केबललाही असतो.

फरक पडतो तो लांबीने. तांब्याची केबल पाच-सहा मीटरपर्यंत १८ गिगाबिट बहुधा सुखाने नेते. त्यापुढे काचतंतूची, म्हणजे ऑप्टिकल फायबर एचडीएमआय घ्यावी. तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी जोडली तर चित्र येत नाही, आणि भिंतीत उलटी गाडली तर काय होईल ते सांगायला नको.

लांबी मोजताना हवेतलं अंतर धरू नका. आमचा पडदा आणि प्रोजेक्टर यांच्यात चार मीटर. पण केबल कपाटातून अडीच मीटर वर चढते, छतावरून साडेचार मीटर जाते, अर्धा मीटर खाली उतरते. वर दोन्ही टोकांना हाताशी सैल सोडायला मीटर-दीड मीटर. झाली नऊ.

तांबं आणि तांब्याचं सोंग

स्पीकरच्या वायरीतून मात्र आकडे जात नाहीत, खरीखुरी वीज जाते. इथे हरवतं ते तारेच्या रोधात. मागच्या स्पीकरपर्यंत दहा मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर तांबं. तयार संचासोबत अनेकदा येते तशी अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर वापरली, तर तिचा रोध होतो पाऊण ओहमच्या आसपास, म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरच्या जवळजवळ दहा टक्के. दीड चौरस मिलिमीटरला तो पाव ओहमच्या आसपास येतो, अडीचला आणखी खाली. वायरचा रोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. मध्यम हॉलला दीडची पुरते. लांब पल्ला किंवा चार ओहमचे स्पीकर असतील तर अडीचची घ्यावी.

पण ती तांब्याचीच हवी. पुण्याच्या तपकीर गल्लीत एका दुकानदाराने मला सारख्याच जाडीची दोन बंडलं हातात दिली. एक भारी, एक फुसकं. मग त्याने दोन्हीच्या टोकांची एकेक तार ब्लेडने खरवडली. पहिली आतपर्यंत लालसर, दुसरी आतून पांढरी. "हे अॅल्युमिनियम, वरून तांब्याचा हात फिरवलाय," तो म्हणाला. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण साठ टक्के. म्हणजे दीडची म्हणून घेतलेली वायर चालते एकच्या खालची.

जोडताना लाल ते लाल, काळी ते काळी. एका स्पीकरला उलटी लागली तर आवाज येतो, पण ढोल-ताशाचा ठोका पोकळ लागतो, कारण एक पडदा हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. शंका आली तर वायर अॅम्प्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. अधिकचं टोक लालला लागताच वूफरचा पडदा बाहेर यायला हवा.

साउंडबारवाल्यांसाठी

टीव्हीला साउंडबार जोडणाऱ्यांचं काम एका केबलवर भागतं. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेशेजारी 'एआरसी' लिहिलंय, तिथेच ती लावायची. शेजारच्या खाचेत लावून "आवाज येत नाही" म्हणणाऱ्यांचे निम्मे घोळ इथेच सुटतात. टीव्हीतून साउंडबारकडे आवाज नेणारी ही सोय २००९ची. २०१७च्या 'ई-एआरसी'तून डॉल्बी ट्रू-एचडीसारखा अजिबात न दाबलेल्या दर्जाचा आवाजही जातो. ओटीटीवरचा डॉल्बी अॅटमॉस आवाज दाबलेला असतो, तो साध्या एआरसीतूनही जाऊ शकतो.

एआरसी नसेल तर ऑप्टिकल ऑडिओ केबल. तोशिबाने १९८३मध्ये आणलेली ही केबल लाल उजेडातून आवाज नेते. दाबलेला ५.१ आवाज तिला झेपतो, अॅटमॉस नाही. लावण्याआधी टोकावरची इवलीशी प्लॅस्टिकची टोपी मात्र काढायची.

घूंऽऽ असा आवाज

सबवूफर अखंड घुमत असेल तर तो बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. यंत्रं वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडली गेली की त्यांच्यात ५० हर्ट्झची घरघर फिरते. केबल टीव्हीची गोल वायर क्षणभर काढून पाहा. घरघर थांबली तर चोर सापडला. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या, सबवूफरला जाळीदार कवचाची केबल लावा, विजेच्या वायरींपासून सिग्नलच्या वायरी फूटभर दूर ठेवा आणि ओलांडायच्याच तर काटकोनात ओलांडा. घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग भेटतात. तसं कधीही करू नका. ती पिन जीव वाचवायला असते.

पाइपातली दोरी

यंदा रंगकाम काढलं तेव्हा पीओपी फोडलंच. एचडीएमआयचं धातूचं टोक १४ मिलिमीटर रुंद, वरच्या कवचासकट वीसच्या आसपास. पाऊण इंची पाइपातून ते जाणार कसं? म्हणून आता दीड इंची पाइप टाकला, कोपऱ्यावर एल्बोऐवजी लांब बेंड दिला आणि विजेचा पाइप वेगळा ठेवला. काचतंतूची केबल आधी जमिनीवर पसरून, दोन्ही यंत्रांना जोडून तासभर सिनेमा पाहिला. मगच ती आत गेली.

केबल ओढून झाल्यावर वायरमन साहित्य आवरू लागला. मी त्याच्या हातात नायलॉनची दोरी दिली. "ही कशाला आता? केबल तर गेली." म्हटलं, हीही पाइपात जाऊ दे, दोन्ही टोकं जंक्शन बॉक्सच्या झाकणाला बांध. पुढे कधी केबल बदलताना या दोरीने नवी केबल ओढायची, आणि तिच्याबरोबर नवी दोरीही.