चढ सारखा आला, म्हणजे रेषा समांतर?

दहावीच्या निर्देशक भूमितीत ‘या रेषा समांतर आहेत का ते ठरवा’ हा प्रश्न हक्काच्या गुणांचा मानला जातो. सूत्र एका ओळीचं, आकडेमोड दोन मिनिटांची. तरीही उत्तरपत्रिका तपासताना याच प्रश्नात हुशार मुलांचेही गुण जाताना दिसतात आणि ते मनाला लागतं. कारण चूक आकडेमोडीची नसते, समजुतीची असते.

पहिला गैरसमज डोळ्यांचा: आलेख कागदावर रेषा छेदत नाहीत, म्हणजे त्या समांतर. य = ०.५क्ष + १ आणि य = ०.५१क्ष + ४ या दोन रेषा काढून बघा. १ सेंमी म्हणजे १ एकक असं प्रमाण घेतलं, तर १० सेंमी पुढे गेल्यावर त्यांच्यातलं उभं अंतर ३ सेंमीचं ३.१ सेंमी होतं. वाढ फक्त १ मिमी. टोक बोथट झालेल्या पेन्सिलीच्या रेघेत ती हरवून जाते. पण या रेषा छेदतात! छेदनबिंदू (−३००, −१४९), म्हणजे आरंभबिंदूच्या डावीकडे तब्बल ३ मीटरवर. युक्लिडच्या व्याख्येत समांतर रेषा एकाच प्रतलात असतात आणि दोन्ही बाजूंना कितीही वाढवल्या तरी मिळत नाहीत. हे ‘कितीही’ कागदावर तपासता येत नाही, समीकरणावरून येतं. १६३७ साली देकार्तचा भूमितीवरचा ग्रंथ आला, त्यातून पुढे वाढलेल्या या शाखेचं मोल मला इथेच सर्वांत जास्त जाणवतं.

दुसरा गैरसमज सहगुणकांचा. २क्ष + ३य = ६ आणि २क्ष + ५य = ६ यांत क्ष चा सहगुणक सारखा पाहून मुलं ‘समांतर’ लिहून मोकळी होतात. या रेषा (३, ०) मध्ये छेदतात. उलट २क्ष + ३य = ६ आणि ४क्ष + ६य = ५ यांत एकही आकडा जुळत नाही, पण रेषा समांतर आहेत. पाहायचं असतं ते गुणोत्तर: २/४ आणि ३/६ सारखे, ६/५ वेगळं.

उभ्या रेषांपाशी तर गोंधळ ठरलेलाच. क्ष = ३ ही रेषा घ्या. तिच्यावरचे (३, १) आणि (३, ५) हे बिंदू चढाच्या सूत्रात घातले की ४/० येतं. कुणी त्याचं उत्तर शून्य लिहितं, कुणी म्हणतं, ‘चढच नाही, मग समांतर कशी ठरवणार?’ शून्य चढ आडव्या रेषेचा असतो. उभ्या रेषेचा चढ ठरवताच येत नाही, पण तिची दिशा अगदी ठाम आहे. क्ष = ३ आणि क्ष = −२ या समांतरच. चढ हे दिशा मोजण्याचं साधन आहे, साधन अडलं म्हणून दिशा नाहीशी होत नाही.

आता शीर्षकातला प्रश्न. अ(१, १), ब(३, ५) आणि क(४, ७), ड(६, ११) हे बिंदू घ्या. रेषा अब चा चढ ४/२ = २. रेषा कड चा चढही ४/२ = २. बहुतेक वह्यांत इथेच ‘म्हणून रेषा समांतर’ असं लिहून खाली रेघ मारलेली असते. आता ब आणि क जोडा. चढ २/१, पुन्हा २! चारही बिंदू य = २क्ष − १ या एकाच रेषेवर आहेत. दोन रेषा नाहीतच, तर समांतर कोण कुणाला? सदिश शिकवताना काही पुस्तकं रेषेला स्वतःशीही समांतर मानतात हे खरं, पण शालेय व्याख्येत तसं नाही. तीन बिंदू एकरेषीय आहेत का, हे आपण समान चढावरूनच तर तपासतो. तीच कसोटी इथे विसरली जाते.

म्हणून विद्यार्थ्यांना मनापासून सांगणं आहे: दोन्ही चढ समान आले की लगेच उत्तर लिहू नका. एका रेषेवरचा एक बिंदू दुसरीच्या समीकरणात घाला. समीकरणाच्या दोन्ही बाजू समान आल्या नाहीत, तरच ‘समांतर’ लिहा.