आर्क्टिक हिमाखालील ध्वनिमार्ग

ध्वनी सरळ रेषेत जातो, ही व्यवहारातील समजूत समुद्रात टिकत नाही. पाण्यातील ध्वनिवेग उष्णता, क्षारता व दाब या तिहींवर अवलंबून असतो. आणि ज्या थरात वेग कमी, त्या थराकडे ध्वनिकिरण वळत राहतात. समशीतोष्ण सागरांत असा थर सुमारे १००० मीटर खोल आढळतो. आर्क्टिक महासागरात मात्र सर्वांत थंड आणि सर्वांत कमी खारे पाणी बर्फाला लागूनच असते. तेथे वेग सेकंदास सुमारे १४४० मीटर. खोलीबरोबर तो वाढत जातो. म्हणून खाली निघालेला किरण वाकून वर येतो, बर्फाच्या तळावर आपटतो, परत फिरतो आणि पुन्हा वर येतो.

खरा प्रश्न या आपटण्याचा आहे. बर्फाचा तळ आरशासारखा गुळगुळीत नसतो. एकमेकींवर चिरडलेल्या लाद्यांचे कंगोरे त्याला लोंबत असतात. उच्च कंप्रतेच्या आखूड लहरी त्यांवर विखुरतात. उलट सेकंदास २० कंपनांच्या लहरीची लांबी ७० मीटरांहून अधिक भरते; तिला हे कंगोरे फारसे अडवीत नाहीत. बोलण्यातील 'स', 'श' गळून स्वरांचा घुमारा तेवढा पैलतीरी पोहोचावा, तसाच हा प्रकार होय.

१९९४ साली स्वालबार्डच्या उत्तरेकडून १९.६ हर्ट्‌झचा संकेत सोडण्यात आला. तो सुमारे २६०० किलोमीटर दूर, ब्यूफोर्ट समुद्रातील तळापर्यंत ऐकू आला. इतकेच नव्हे, तर अपेक्षेहून लवकर आला. वाटेतील अटलांटिक पाण्याचा थर पूर्वीच्या नोंदींपेक्षा उबदार झाला होता. तापमापक न बुडविता लागलेला हा शोध विलक्षणच म्हटला पाहिजे.

अलीकडे ब्यूफोर्ट समुद्रात चित्र पालटले आहे. पॅसिफिकमधून येणारे उबदार पाणी ५० ते ८० मीटर खोलीवर पसरते. त्याच्या खाली थंड पाणी आणि त्याहून खाली अटलांटिकचे उष्ण पाणी. या दोन उष्ण थरांमध्ये सापडलेला थंड थर ध्वनीची नळीच बनतो. २००० सालानंतर पॅसिफिकचा थर अधिक उबदार झाला, तशी ही नळीही बळावली. तीत शिरलेला काहीशे हर्ट्‌झचा ध्वनी बर्फाला न शिवता दूरवर जातो. पृष्ठभागाजवळचा आवाज मात्र तीत सहजी शिरत नाही. त्यामुळे ध्वनिग्राहक ३० मीटरांवर टांगला की १५० मीटरांवर, यावर त्याच समुद्राचे ऐकू येणारे रूप बदलते. आणि जुन्या मोजमापांवर बांधलेले अंदाज येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.