सोपी वाट कशी ओळखावी?

महिंद्राची ‘थार’ नाशिकच्याच कारखान्यात तयार होते आणि नाशिककरांच्या दारातही ती आता बरीच दिसते. पाऊस सुरू झाला की नव्या मालकांचा मला एकच प्रश्न असतो, ‘डांबरी सोडून गाडी कुठे न्यावी?’ माझे उत्तर ठरलेले आहे. जिथून गाडी तशीच मागे घेता येईल, तिथे.

नवख्याला मुरमाची पाणंद पुरते. थोडा चढ, थोडा उतार, एखादा कोरडा ओढा. आधी ती पायी चालून पाहावी. आपली काळी माती पावसात फुगते, चिकट होते. टायरच्या खाचा तिने भरल्या की टायर गुळगुळीत होतो आणि चारही चाके जागच्या जागी फिरतात. म्हणून पावसाळ्यात मुरूम सोडू नये.

अशा गाडीत गिअरच्या दांड्याशेजारी बहुधा आणखी एक छोटा दांडा असतो. त्याने ‘फोर-लो’ टाकला की चाकांचा जोर सुमारे अडीच पट वाढतो आणि वेग तेवढाच घटतो. उतारावर पहिल्या गिअरात इंजिनच गाडी रोखून धरते. तिथे क्लच दाबू नये. दाबला की हा आधार सुटतो.

श्रोतेहो, एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. चार चाकांना ताकद मिळाली की गाडी पुढे जायला मदत होते, थांबायला नाही. ब्रेक तर साध्या मोटारीच्याही चारही चाकांना असतात. चढावर गाडी बंद पडली तर ती वळवू नका. उतारावर आडवी झालेली गाडी उलटू शकते. ब्रेक धरा, रिव्हर्स टाका आणि सरळ मागे या. ओढ्याला गढूळ पाणी वाहत असेल, तर मुकाट्याने परत फिरा. सोबत दुसरी गाडी आणि मजबूत दोर हवाच.

वाट सोपी असली तरी ती आपली असतेच असे नाही. शेताचा बांध चाकाखाली फुटला तर शेतकऱ्याची माती वाहून जाते. अंजनेरीच्या पठारावर पातळ मातीत ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ हे दुर्मीळ कंदीलपुष्प उगवते. २००६ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली, आणि २०१७ साली अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. अशा जागी गाडी खालीच उभी करून पायी जावे. आणि शिवारात शिरण्यापूर्वी बांधावरच्या माणसाला ‘दादा, इथून जाऊ का?’ एवढे विचारावे. वाट कुठे खचली आहे, हेही तोच सांगेल.