येणाऱ्याची वाट आणि मधली कामं

‘ख्रिस्ताचं पुनरागमन म्हणजे आपला कल्कीच की!’ असं मागे एका विद्वान स्नेह्यांनी व्याख्यानात सांगून टाळ्या मिळवल्या. हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे, की आता वाद घालायचाही कंटाळा येतो, पण घालतो. कलियुगाची वर्षं 4,32,000. त्यातली पाच हजार आणि वर थोडी सरली. कल्की येणार म्हणून कुणी पेरणी थांबवली, सावकाराचं देणं घाईने फेडलं किंवा मुलीचं लग्न लांबणीवर टाकलं, असं ऐकिवात नाही. ख्रिस्ती माणसाला मात्र सांगून ठेवलं आहे, की तो रात्रीच्या चोरासारखा येईल, दिवस-घटका कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे आज रात्रीसुद्धा येईल. या श्रद्धेतली भीती आणि आशा दोन्ही या ‘आज रात्री’त आहेत. कल्कीत ती घाई नाही, आणि घाई काढून टाकली तर या विषयात लिहिण्यासारखं उरतं काय?

पहिली अठरा शतकं मी भरभर उरकतो, कारण त्यांच्यावर ग्रंथांची कपाटं भरली आहेत. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, जो काम करणार नाही त्याने खाऊही नये, असा दम भरावा लागला. प्रभू आता येतोच आहे म्हणून काहींनी हातपाय हलवायचं सोडलं होतं, असाच त्याचा अर्थ बहुतेक जण लावतात. मग अशीच वाट पाहणारे मोंटानसपंथी, मग फिओरेचा जोआकिम, मग 1534 साली म्युन्स्टर शहरात देवाचं राज्य आणायला निघालेले आणि रक्तात बुडालेले. न्यूटननेही हिशेब मांडला होता. 2060 च्या आधी शेवट होत नाही, असं त्याने लिहून ठेवलं, तेही ऊठसूट तारखा काढणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून. ती झाली नाहीत, हे सांगायला नकोच.

तारखांचा राजा म्हणजे विल्यम मिलर. न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, 1812 च्या लढाईतला कप्तान, आधी पक्का बुद्धिवादी. वर्षानुवर्षं बायबल घेऊन बसला. दानीएलाच्या आठव्या अध्यायातले 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षं धरली, आरंभ इसवी सनपूर्व 457 चा. उत्तर आलं 1843. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, की इसवी सनाला शून्य वर्ष नाही, म्हणून एक वर्ष वाढलं. सॅम्युअल स्नो या अनुयायाने नेमका दिवस काढला, 22 ऑक्टोबर 1844. त्या रात्री हजारो माणसं जागी राहिली. उजाडलं आणि नेहमीसारखाच दिवस सुरू झाला.

आमच्याकडचे लेखक इथे हमखास पांढरे झगे घालून छपरावर चढलेल्या लोकांचं वर्णन करतात. त्या झग्यांना पुरावा नाही. बटाट्यांची गोष्ट मात्र मिलरचा वारसा सांगणारी अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी आवडीने सांगतात. एका शेतकऱ्याने त्या वर्षी बटाटे काढलेच नाहीत. प्रभू येणार असताना बटाटे कशाला? शेजाऱ्यांनी वेड्यात काढलं. पण त्या साली वेळेवर काढलेले बटाटे रोगाने सडले, याचे उशिरा काढलेले धडधाकट निघाले आणि वसंतात बियाण्याला चांगल्या भावाने गेले. प्रभू आला नाही, बटाटे तेवढे वाचले.

या निराशेतून सावरलेल्यांतल्या एका गटाने 1863 साली सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च उभं केलं, आणि त्याचा धागा थेट पुण्यात येतो. औंध रस्त्यावरची स्पायसर ही शिक्षणसंस्था त्यांची. सॅलिसबरी पार्कातलं ओरिएंटल वॉचमन हे प्रकाशनगृहही त्यांचं. माझ्या लहानपणी त्यांचे विक्रेते जाड सचित्र पुस्तकं पिशवीत घालून दारोदार हिंडत. आईने धर्माचं पुस्तक नम्रपणे परत केलं आणि आरोग्याचं ठेवून घेतलं. जग संपायची वाट पाहणारी माणसं लोकांना तंबाखू सोडा, भाज्या खा, घास नीट चावा, असं का सांगत बसतात, हे कोडं मला तेव्हापासून पडलं. माझा सगळा नाद त्या कोड्यातून सुरू झाला. तारीख चुकली का बरोबर आली, हा पोरखेळ आहे; ती चुकणारच. वाट पाहताना माणसांनी काय केलं, ते बघावं.

म्हणूनच मला मिलरपेक्षा ऑलबरीची माणसं प्रिय. मराठीत त्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून इथे हात सैल सोडतो.

इंग्लंडात सरे परगण्यात ऑलबरी पार्क ही हेन्री ड्रमंड या श्रीमंत बँकवाल्याची जागा. 1826 पासून तिथे भविष्यवाणीचा अभ्यास करायला पाद्री आणि सरदार जमू लागले. त्यांच्यात एडवर्ड अर्विंग होता, लंडन गाजवणारा स्कॉटिश वक्ता. त्याला त्याच्या चर्चने 1833 साली काढून टाकलं आणि पुढच्याच वर्षी तो बेचाळिसाव्या वर्षी गेला. पण या मंडळींतून कॅथलिक अपोस्टोलिक चर्च उभं राहिलं. प्रभू येण्याआधी पुन्हा बारा प्रेषित नेमले जातात, अशी त्यांची श्रद्धा. 1835 पर्यंत बारा भरले. पहिला प्रेषित कार्डेल तर वकील होता. उपासना मोठी देखणी, धूप, झगे, मेणबत्त्या, सगळं साग्रसंगीत. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमधलं त्यांचं चर्च पाहिलं, की ही माणसं उद्या मुक्काम हलवणार होती यावर विश्वास बसत नाही.

मेख अशी, की पाळकांची दीक्षा प्रेषितांच्या हातूनच व्हायची आणि प्रेषितांच्या जागा पुन्हा भरायच्या नाहीत. गरजच काय? त्यांच्या हयातीत प्रभू येणारच होता. 1855 साली तिघे प्रेषित गेले. बाकीचे एकेक करत गेले. शेवटचा, वुडहाउस, 1901 च्या फेब्रुवारीत गेला. व्हिक्टोरिया राणी जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते. तिथून पुढे नवी दीक्षा नाही. त्यांनी प्रचार थांबवला. कुणी नियम वाकवला नाही, पळवाट काढली नाही. पाळक म्हातारे होत गेले, शेवटचा 1971 साली गेला आणि त्याच्याबरोबर प्रभुभोजनही संपलं. ऑलबरीचं चर्च विश्वस्तांनी आजही नीट राखलं आहे.

जर्मनीतल्या त्यांच्या भावंडांनी 1863 साली वेगळी चूल मांडली, नवे प्रेषित नेमले, आणि आज त्या न्यू अपोस्टोलिक चर्चचे सभासद लाखांनी मोजतात. त्यांचा मुख्य प्रेषित बिशॉफ याने 1951 च्या नाताळात जाहीर केलं, की मी जिवंत असतानाच प्रभू येईल. 1960 साली बिशॉफ गेला. प्रभूने आपला बेत बदलला, असं सांगण्यात आलं. व्यवहारी वाचक म्हणेल, जर्मन शहाणे. माझं मत ऑलबरीच्या पारड्यात. शब्दाला जागून हळूहळू नाहीसं होणं फार थोड्या संस्थांना जमतं.

याच अर्विंगने 1827 साली एक स्पॅनिश ग्रंथ इंग्रजीत आणला होता. लेखक मॅन्युएल लाकुन्सा, चिलीमधून हाकलला गेलेला जेसुइट. म्हणजे पुनरागमनाची ओढ चिलीहून लंडनला पोचली. आणि उलट चिलीकडे कुठून गेली? आपल्या केडगावहून! 1905 साली पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात उज्जीवन झालं. मुली रात्र रात्र रडत, प्रार्थना करत. हा शेवटच्या काळातला आत्म्याचा वर्षाव, असा त्याचा अर्थ लावला गेला. तिथल्या मिनी अब्राम्स यांनी पुढच्या वर्षी त्यावर पुस्तिका लिहिली आणि वाल्पाराइसोतल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. 1909 साली तिथे पेंटेकोस्टल चळवळ उसळली, तिच्या मुळाशी ही पुस्तिका होती. रमाबाईंवर बोलताना केडगावची शाळा, शेती, छापखाना सांगणारे या भागाशी आले की घसा खाकरतात. पुरोगामी मंडळींना रडणाऱ्या मुली अडचणीच्या वाटतात. पण त्याच रमाबाई बायबलाचं भाषांतर करत होत्या आणि निराधार मुलींना कामही शिकवत होत्या.

आमच्या अमेरिकन मराठी मिशनचा सूर याहून वेगळा होता. आधी सुवार्ता जगभर पसरेल, जग सुधारेल, मग राजा येईल, असा तिथल्या पहिल्या पिढीचा हिशेब. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल न्यूएल यांनी मुंबईत बसून साठ कोटी जीवांच्या उद्धारासाठी पुस्तक लिहिलं, ते 1818 साली, पेशवाई बुडाली त्याच वर्षी. जग सुधारूनच राजा आणायचा, तर शाळा काढणं ओघाने आलंच. 1824 साली या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली, तिचं श्रेय आपण उदारमतवादाला देऊन मोकळे होतो. त्या शाळेमागे एक येणारा राजा होता, हे म्हणायला कुणी तयार नाही.

आता नवल वाटतं ते खुद्द ख्रिस्ती मंडळींचं. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येईल, असं दर रविवारी मतांगीकारात म्हणायचं, आणि बाहेर आल्यावर ‘खरंच वाटतं का हो?’ विचारलं, की चपलांकडे बघायचं. आगमनकाळातल्या पहिल्या रविवारची वाचनं पुनरागमनाचीच असतात, पण सगळ्यांचं चित्त गोठा सजवण्यात. मी विचारलं तेव्हा वसईच्या एका आजीबाईंनी तेवढं चटकन उत्तर दिलं: ‘येऊ दे की. घर झाडलेलं आहे.’ अमेरिकेतही फार वेगळं नाही. प्यू संस्थेच्या 2022 च्या पाहणीत 55 टक्के प्रौढांनी येशू कधीतरी परत येईल, असं सांगितलं. आपल्या हयातीत नक्की किंवा बहुधा येईल म्हणणारे 10 टक्केच. कधीतरी येणाऱ्याची भीती कुणाला वाटते?

आणि तारखा काढणारेही आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या प्रचारकाने 21 मे 2011 अशी तारीख दिली, मग 21 ऑक्टोबर दिली. पण त्याने निदान आकडेमोड तरी केली आणि पुढच्या वर्षी चूक कबूल केली. आता मोबाइलवर लाल चंद्राचं चित्र येतं, खाली भूकंपाची बातमी, मागे ढणढण संगीत. दानीएलाचा अध्याय पाठवणाऱ्यानेही उघडलेला नसतो. मिलरची चूकसुद्धा अभ्यासाची होती. या लोकांना चुकायचेही कष्ट नकोत.

तेव्हा नगर, केडगाव, वसईकडच्या वाचकांना एक विनंती. आजोबांच्या ट्रंकेत पुनरागमनावरच्या प्रवचनांच्या वह्या, उज्जीवन सभांची हस्तपत्रकं, ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचे सुटे अंक असतील, तर या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयात द्या आणि पोच घ्या.