डिंडोलीतील एच.आय.व्ही. चाचणीचा प्रश्न आणि पाळकीय जबाबदारी

सूरत शहरात उधन्याच्या पलीकडे डिंडोली ही वस्ती आहे. येथील गल्ल्यांतून मराठी व अहिराणी सहज कानी पडते. जळगाव, धुळे व नंदुरबार ह्या जिल्ह्यांतून यंत्रमागांवर आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांत कामासाठी आलेली पुष्कळ कुटुंबे येथे स्थायिक झाली आहेत. उधन्याहून निघणारा लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ह्यांवरून जळगावास जातो. आखाजीस व लग्नसराईत माणसे ह्याच मार्गाने गावी जाऊन परत येतात.

अशा वस्तीत सेवा करणाऱ्या पाळकास एखादा वधूपिता विचारील : "मुलगा कित्येक वर्षे एकटाच सुरतेस राहिला आहे. विवाहाची घोषणा करण्यापूर्वी मंडळीने त्याच्याकडून एच.आय.व्ही. चाचणीचा दाखला का मागू नये?" ह्या प्रश्नामागील काळजी खरी आहे. म्हणूनच त्यास घाईने 'होय' वा 'नाही' असे उत्तर देण्यापूर्वी रोग, चाचणी आणि कायदा ह्या तीन गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

(१) रोगाचे स्वरूप. एड्स ह्या विकाराची पहिली नोंद १९८१ साली अमेरिकेत झाली. भारतात त्याच्या विषाणूचा संसर्ग प्रथम १९८६ साली मद्रास येथे, डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) व त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला ह्यांच्या तपासणीतून उघड झाला. आज देशात सुमारे २५ लाख लोक ह्या संसर्गासह जगत आहेत. विषाणू तीन मार्गांनी पसरतो : असुरक्षित लैंगिक संबंध; दूषित रक्त वा सुई; आणि गर्भारपणी, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून मातेकडून बालकाकडे. एका खोलीत राहिल्याने, एका ताटात जेवल्याने, डासांमुळे किंवा प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्यातून प्याल्याने तो पसरत नाही.

सुरतेस हा भेद विशेष समजावा. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भयाने लाखो लोक हे शहर सोडून गेले. तो फुप्फुसाचा प्लेग असून खोकल्यातून पसरू शकणारा होता. एच.आय.व्ही. तसा नाही. त्याच्या बाधितापासून पळून जाण्याचे काहीच कारण नाही. तरीही माणसे पळतात, आणि त्या भयाने बाधित मनुष्य चाचणीपासून पळतो.

(२) चाचणी. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. प्रथम समुपदेशक बोलतो, मग संमती घेऊन रक्ताचा नमुना घेतला जातो. एकाच तपासणीत दोष दिसला म्हणून कोणास बाधित ठरवीत नाहीत. निरनिराळ्या तीन तपासण्यांनी खात्री करून घेतात. उलट, संसर्ग अगदी अलीकडे झाला असल्यास काही आठवडे तो तपासणीत दिसत नाही. म्हणून धोक्याचा प्रसंग घडला असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी लागते. ह्याचा अर्थ असा की विवाहाच्या आदल्या आठवड्यात आणलेला निर्दोष दाखला पूर्ण हमी देत नाही, आणि विवाहानंतरच्या वर्तनाची तर मुळीच नाही.

संसर्ग आढळला तरी तो मृत्युलेख नव्हे. १ एप्रिल २००४ पासून सरकार विषाणुरोधक औषधे विनामूल्य देत आहे. २०१७ पासून निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आहे. सूरतच्या नवीन सिव्हिल हॉस्पिटलात असे उपचार केंद्र आहे. औषध नियमित घेऊन रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत न दिसण्याइतके खाली राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदारास संसर्ग होत नाही. उपचाराविना मातेकडून बालकास संसर्ग होण्याचा संभव शेकडा १५ ते ४५ असतो. वेळीच उपचार झाल्यास तो शेकडा ५ हून कमी होतो. गर्भवतीची चाचणी म्हणूनच अत्यंत मोलाची आहे.

(३) कायदा. एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २०१७ साली संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार, समजून-उमजून दिलेल्या संमतीवाचून चाचणी करता येत नाही. विश्वासाने कळलेली बाधिताची स्थिती त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. आणि नोकरी, शिक्षण वा उपचार ह्यांत भेदभाव करण्यास मनाई आहे. त्याचबरोबर, आपल्यापासून दुसऱ्यास संसर्ग होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्यही बाधितावर घातलेले आहे.

आता वधूपित्यास उत्तर देता येईल. मंडळीने दाखला मागू नये. सक्तीने मागितलेला कागद पाळकाच्या कपाटात येतो, तेथून पंचांच्या कानी व पंचांकडून गावात जातो. ज्याला भय आहे तो अशा वेळी चाचणी टाळील, किंवा दुसऱ्या ठिकाणी जाऊन गुपचूप विवाह करील; मग वधूचे रक्षण झाले कोठे? ह्याउलट विवाहपूर्व शिक्षणाच्या वेळी वर व वधू दोघांसही रोगाची माहिती द्यावी. दोघांनी मिळून केंद्रात जावे, निकाल परस्परांस आपण होऊन सांगावा, असे त्यांस आर्जवाने सुचवावे. निकाल पाळकाने विचारू नये. वधूपित्याने आपल्या मुलीसही चाचणीस पाठवावे, म्हणजे हा संशय नसून परस्परांची काळजी आहे हे वरास पटेल.

धर्मशिक्षकास आणखी काही गोष्टी करता येतील. डिंडोलीतील अनेकांस गुजराती बोलता येते, पण वाचता येतेच असे नाही. अशांस माहिती मराठीत, जमल्यास अहिराणीत, तोंडी सांगावी. कोणाची इच्छा असल्यास केंद्रापर्यंत सोबत जावे. दीर्घकाळ खोकला असणाऱ्यास क्षयाची तपासणी करण्यास सांगावे, कारण एच.आय.व्ही. बाधितांस क्षय लवकर जडतो. गावी जाणाऱ्या बाधितास औषधाचा पुरेसा साठा बरोबर नेण्याची आठवण द्यावी. निरोधाचा उल्लेख करण्याचा संकोच सोडावा. १०९७ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक सर्वांस ठाऊक करावा.

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, असे विचारले होते. प्रभूने तो प्रश्नच बाजूस सारला आणि त्या मनुष्याकडे वळला. बाधित मनुष्य आपल्या दारी येईल तेव्हा 'हे कोठून आणलेस?' असे न विचारता 'औषध सुरू झाले काय?' असे आपण विचारले, तर शेजारचा घाबरलेला मनुष्यही उद्या चाचणीस जाण्याचे धैर्य करील.