सेकंदाला तीन विहिरी

एक आकडा आधीच सांगून टाकतो, कारण दोन दिवस तो पोटात राहत नाहीये. डोंगरात हवेत एका जागी थांबलेलं साधं हेलिकॉप्टर दर सेकंदाला तीन विहिरी भरतील एवढी हवा खाली ढकलत असतं. विहीर म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. आपल्या रानातली, वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल, वरून डोकावलं तर पोटात गोळा येईल अशी. 'एक, दोन, तीन' म्हणा. झाल्या नऊ विहिरी.

हा हिशेब मांडायची बुद्धी झाली ती एका फोटोमुळे. १७ मे २०२५ चा, केदारनाथचा. खडकाळ जमिनीवर एक हेलिकॉप्टर बसलंय आणि त्याची शेपटी मोडलीय. ऋषिकेशच्या एम्सची ही हवाई रुग्णवाहिका, नाव 'संजीवनी'. आदल्या वर्षी, २९ ऑक्टोबर २०२४ ला ही मोफत सेवा सुरू झाली होती. श्वासाचा त्रास होणाऱ्या एका यात्रेकरू बाईंना आणायला ती निघाली होती. आत तिघे होते: पायलट, डॉक्टर आणि नर्सिंग कर्मचारी. हेलिपॅड अगदी समोर आलेलं असताना यंत्र आदळलं.

आता आकड्यांकडे वळू. जरा दम धरा, चढ आहे.

केदारनाथ ३,५८४ मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तिथल्या शिड्यांवर माझी काय अवस्था झाली होती ते मी घरच्यांनाही सांगितलेलं नाही. तर कळसूबाईच्या डोक्यावर दुसरं कळसूबाई ठेवा. अजून २९२ मीटर कमी पडतात. मग वर एकावर एक चार कुतुबमिनार रचा. आता पोचलात मंदिराच्या पायरीशी! आणि एवढ्या उंचीवर २०२३ च्या एका हंगामात १९ लाखांहून जास्त माणसं गेली. हंगाम जेमतेम दोनशे दिवसांचा. म्हणजे रोज साडेनऊ हजार माणसं. म्हणजे ठासून भरलेल्या, दारात लोंबकळणाऱ्या दोन लोकल, रोज, दोन कळसूबाई आणि चार कुतुबमिनार चढून. शेवटचे १६ किलोमीटर तर रस्ताच नाही. पाय, खेचर, पालखी, नाहीतर कंडी. कंडी म्हणजे पाठीवरची वेताची टोपली, तिच्यात अख्खा माणूस बसतो आणि दुसरा माणूस त्याला कपाळाच्या पट्ट्यावर तोलून नेतो. आजारी माणसाला खाली आणायचं तर हेच पर्याय, नाहीतर मग आकाश.

या माणसांना श्वासाचा त्रास का होतो? आपण मिनिटाला साधारण पंधरा श्वास घेतो. दिवसाचे २१,६००. आपल्या योग्यांनीही हाच आकडा धरलाय. एका श्वासाला अर्धा लिटर हवा. गुणाकार करा: १०,८०० लिटर. दुष्काळी गावात येतो ना, तो दहा हजार लिटरचा टँकर? तेवढी हवा आपण प्रत्येक जण रोज पिऊन टाकतो आणि वर पाण्याच्या टँकरसाठी भांडतो. केदारनाथला हाच टँकर येतो, पण आत माल भरलेला असतो दोन तृतीयांशाच्याही आत. बाकी टँकर रिकामा. गाडी तेवढीच, खेपा तेवढ्याच, पाणी कमी! छाती धापा टाकणार नाही तर काय करणार?

दुसरा हिशेब. मुंबईत एका चौरस मीटरवर, म्हणजे आपल्या न्हाणीघराच्या एका कोपऱ्यावर, डोक्यावरच्या हवेचं ओझं दहा टनांच्या वर असतं. एक भरलेला ट्रक. केदारनाथच्या तेवढ्याच फरशीवर साडेसहा टन. साडेतीन टन हवा खालीच राहिली. या ओझ्याखाली आपण चपटे कसे होत नाही, ते भौतिकशास्त्रवाल्यांना विचारा. मी त्यांच्यावर विश्वास ठेवून पुढे जातो.

आता हीच पातळ हवा हेलिकॉप्टरच्या पुढ्यात वाढा. या डोंगरांत सर्रास फिरणारं, पाच-सहा माणसांचं एएस-३५० जातीचं हेलिकॉप्टर घेऊ. भरलेलं वजन सव्वादोन टन. डोक्यावर तीन पाती, त्यांच्या घेराचा व्यास पावणेअकरा मीटर. सव्वादोन टन हवेत टांगायचे तर मुंबईत सेकंदाला अडीच विहिरी हवा खाली ढकलली की भागतं. केदारनाथला हवा विरळ, म्हणून तीन विहिरी लागतात. वजनात सांगायचं तर सेकंदाला नऊ क्विंटल हवा, मिनिटाला ५५ टन. दहा टनी साडेपाच ट्रक, दर मिनिटाला, नुसत्या हवेचे! आणि हे सगळं कशासाठी? पुढे सरकायला नव्हे. जागच्या जागी थांबायला!

घरातला पंखा पाचवर करून त्याखाली उभे राहा. तसे जवळजवळ तीनशे पंखे एकदम लावा, म्हणजे तो वारा होईल.

पाती मिनिटाला सुमारे ३९० फेरे घेतात. टोकाचा वेग निघतो ताशी ७८५ किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं तर पात्याचं टोक साडेअकरा मिनिटांत पुण्यात. डेक्कन क्वीनला तीन तासांच्या वर लागतात. या गरागरा फिरण्यातला ताण ऐका. पात्याच्या टोकाला एक किलो साखरेची पुडी बांधली, तर ती बाहेरच्या बाजूला ९०० किलोच्या जोराने ओढ घेईल. एका किलोच्या पुडीची अठरा पोती! मी हा गुणाकार तीनदा केला, कारण पहिल्या दोन वेळा मला वाटलं दशांशचिन्ह घसरलं.

हे सगळं फिरवतं ते सात-आठशे अश्वशक्तीचं इंजिन. विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटारी मोजल्या तर दीडशे. एका गावाचं शिवार भिजेल. आणि तहान? मिनिटाला जवळपास तीन लिटर इंधन. पन्नासचं ॲव्हरेज देणारी मोटारसायकल तेवढ्यात मुंबईहून पुण्याला पोचते. म्हणजे हेलिकॉप्टर दर मिनिटाला एक मुंबई-पुणे पिऊन टाकतं. आणि गंमत अशी की ऋषिकेश ते केदारनाथ सरळ रेषेत शंभर-एकशे पाच किलोमीटर, मुंबई-पुण्याच्या सरळ अंतरापेक्षाही कमी. अर्ध्या तासाचं काम. फक्त त्या अर्ध्या तासात दोन कळसूबाई चढायची असतात.

आणि शेपटी? फोटोत मोडलेली दिसते ती? पाती एका बाजूला फिरतात तेव्हा खालचा डबा उलट्या बाजूला गरगरायला बघतो. किती जोराने? एक मीटर लांबीचा पाना घ्या आणि त्याच्या टोकाला दोन म्हशी टांगा. तेवढ्या पिळाने. हा पीळ थोपवून धरतो तो शेपटीवरचा छोटासा पंखा, मिनिटाला दोन हजारांवर फेरे घेत. शेपटी गेली की दोन्ही म्हशी मोकळ्या. माणसं आत, सव्वादोन टन लोखंड आणि इंधन भोवती, आणि भिंगरी सुरू!

माणूस या पातळ हवेत किती वर गेलाय? डोकं गरगरतं. १९६९ साली 'लामा' नावाचं हेलिकॉप्टर हिमालयात ७,५०० मीटरवर उतरलं आणि परत उडालं. ते भारतीय सैन्याच्या गरजेसाठीच घडवलेलं. त्याचंच बंगळुरूमध्ये एचएएलने बनवलेलं रूप 'चीता', सियाचीनच्या जवानांना खाली आणणारं. २१ जून १९७२ ला जाँ बुले या पायलटने लामा नेलं १२,४४२ मीटरवर! विमानांच्या उंचीवर! तिथे इंजिन बंद पडलं. सीएसएमटीहून निघून शीवच्या अलीकडे पोचण्याइतकं अंतर, सरळ खाली, बंद इंजिनाने, नुसत्या वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या भरवशावर. उतरला, सुखरूप! आणि १४ मे २००५ ला दिदिए देलसाल याने आपल्या हिशेबातलंच एएस-३५० घेऊन एव्हरेस्टच्या माथ्यावर ३ मिनिटं ५० सेकंद टेकवलं. तिथे भरलेलं यंत्र असतं तर चार विहिरी लागल्या असत्या. त्याने ते सोलून हलकं केलं होतं. दुसऱ्या दिवशी परत गेला. एकदा गेलो यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं वाटलं असावं.

पण डोंगर दर वेळी हिशेब असा सोडत नाही. त्याच २०२५ च्या मे महिन्यात, संजीवनीच्या नऊ दिवस आधी, उत्तरकाशीकडे एक हेलिकॉप्टर पडलं, सहा जण गेले. पुढच्या १५ जूनला गौरीकुंडजवळ आणखी एक, सातही जण गेले. त्यात आपल्या महाराष्ट्रातली माणसंही होती. या ओळी लिहिताना हात थांबतो. इथे मला कसलीही तुलना सुचत नाही.

म्हणूनच १७ मेचा आकडा मला सगळ्यांत मोठा वाटतो. सव्वादोन टनांच्या जातीचं यंत्र. साडेसहा टनांची अपुरी हवा. सेकंदाला तीन विहिरी. पुडीची अठरा पोती. पान्यावर दोन म्हशी. आणि त्यातून तीन माणसं निघाली होती, तीन उतरली. तिघांपैकी तिघे! शंभर टक्के!

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत तिघांचे मिळून ६४,८०० श्वास झाले होते. जवळजवळ सव्वातीन टँकर.