इम्युनिटीला ब्रेकही लागतो!

गाडी स्लिप होऊन गुडघा सोलवटला, की दुसऱ्या दिवशी तो लाल, गरम, टम्म सुजलेला असतो ना? जखमेवर धावून आलेल्या मॅक्रोफेज पेशी टीएनएफसारखी रसायनं सोडून हा दाह पेटवतात. मग चार दिवसांनी सूज उतरते, ती कुणामुळे? बऱ्याच अंशी त्याच पेशींमुळे! थोड्या वेळाने त्या इंटरल्युकिन-१० नावाचं प्रथिन सोडतात. ते शेजारच्या पेशींना आणि खुद्द त्या पेशीलाही सांगतं, ‘बास आता!’ म्हणजे आग लावणाराच बंब घेऊन हजर.

बंब नसला तर? १९९३मध्ये शास्त्रज्ञांनी इंटरल्युकिन-१०चं जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. पोटातल्या नेहमीच्या जीवाणूंवरच त्यांची इम्युनिटी तुटून पडली, आतडी सुजली.

कोविडमध्ये अनेक गंभीर रुग्णांची फुफ्फुसं अशाच बेलगाम दाहाने बिघडली. म्हणून तर दाह दाबणारं डेक्सामेथासोन कामी आलं. २०२०च्या ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटले. आणि आपण? घरोघरी ‘इम्युनिटी बूस्टर’ काढे उकळत होतो! मेडिकलमध्ये तसल्या गोळ्या आजही मिळतात. घेण्याआधी विचारून तर बघा, नेमकं काय बूस्ट होणार, अ‍ॅक्सिलरेटर की ब्रेक?